रविवारी सुट्टी घेणारा ज्वालामुखी

"मी सांगतो, टेकडी फुटणार," वेन म्हणाला आणि त्याने सायकल आंब्याला टेकवली.

गोराईच्या त्या टेकडीच्या भेगांतून काळा धूर निघत होता. वेनची ताई ॲमांडा आणि बोरिवलीहून सुट्टीला आलेली तिची मैत्रीण श्रुतिका वर बघत होत्या. टेकडीमागच्या जुन्या खाणीला हर्षदशेठ नावाच्या कंत्राटदाराने पत्रे ठोकले होते. "ज्वालामुखी जागा होतोय, तिकडे फिरकू नका," असं त्याने गावभर सांगितलं होतं. धुराने वाडीतली भेंडी काळवंडली होती. वेनची मम्मी, म्हणजे आयरीन आंटी, खोकून हैराण झाली होती. पप्पा अल्फान्सो तर वाडी आणि मासेमारी सोडून मानखुर्दला भावाकडे जायचं म्हणत होते.

"तुला ज्वालामुखींचं एवढं वेड ना? मग सांग, फुटणार का?" ॲमांडाने श्रुतिकाला विचारलं.

"लाव्हा घट्ट असला की वायू आत कोंडतो आणि धडाम! राख-दगडांचे थर साचून शंकूसारखा डोंगर होतो," श्रुतिका म्हणाली. "पातळ लाव्हा नुसता पसरतो, पालथ्या ढालीसारखा. आपल्याकडे मात्र जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा वाहिला. सह्याद्री त्याच थरांचा. पण त्याला सहा कोटींहून जास्त वर्षं झाली, केव्हाच थंड झालंय सगळं."

"भेगा तर इथेही आहेत," वेन म्हणाला.

श्रुतिका त्या भेगा निरखत राहिली.

रविवारी चर्चहून येताना तिने वर पाहिलं. धुराचा मागमूस नव्हता. सोमवारी पुन्हा भकाभका सुरू!

"ज्वालामुखी रविवारची सुट्टी घेतो काय रे?" ती म्हणाली.

तिघं पत्र्यांपर्यंत चढली. गंधकाचा, सडक्या अंड्यासारखा वास कुठेच नव्हता. नाकात शिरला तो जळक्या रबराचा. मातीत टेम्पोच्या चाकांचे ताजे ठसे होते.

घरी येऊन सगळं सांगितलं, तरी पप्पांना काही पटेना. "शेठ खोटं कशाला बोलेल?"

"अंकल, तुम्ही फक्त शेजाऱ्यांना घेऊन पत्र्याआड उभे राहा," श्रुतिका म्हणाली.

हर्षदशेठ खाणीच्या फाटकाशी चहा पीत बसला होता. तिघं ओरडत धावली, "पळा अंकल, लाव्हा येतोय!"

शेठ जागचा हलला नाही. "कसला लाव्हा?"

"लाल लाल! भेगेतून! तुम्हीच म्हणालात ना, ज्वालामुखी आहे म्हणून?"

"ए, डोकं नका खाऊ. आत टायर जळतायत, त्यांतली लोखंडी तार काढायला. जा, खेळा तिकडे."

पत्र्याआडून अल्फान्सो पुढे आले, मागोमाग शेजारी. "शेठ, जरा आम्हालाही दाखवा की तुमचा ज्वालामुखी."

शेठच्या हातातला चहा पँटवर सांडला. संध्याकाळपर्यंत पोलीस आले, आग विझली आणि टायरांनी भरलेला टेम्पो चौकीत गेला.

दोन दिवसांनी आयरीन आंटीने सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. "आम्ही मोठी माणसं धुराला भ्यालो, आणि या पोरांनी नाक पुढे करून वास घेतला," ती शेजारणीला कौतुकाने सांगत होती.

तिघं पप्पांना घेऊन टेकडीवर गेली. "हा थंड झालेला लाव्हा," श्रुतिकाने दाखवलं, तसा अल्फान्सोंनी काळ्या खडकावर हात ठेवला. खडक उन्हाने कोमट झाला होता, तेवढाच.

"जन्म गेला या दगडावर जाळी वाळवण्यात," ते म्हणाले. "हा वाहत आला होता, हे माहीतच नव्हतं. बस गं श्रुतिका. सगळं पहिल्यापासून सांग."