वाढव

मुलांनो, माझ्याबरोबर जरा त्या गाडीत या.

चपला दारातच काढा, आत जागा कमी आहे. डावीकडे दोन शेगड्यांचा छोटा ओटा. खाली सिलिंडर. वर कड्या लावलेली कपाटं, नाहीतर वळणावर डबे डोक्यात पडतात. मागे समोरासमोर दोन बाकं, रात्री त्यांचेच पलंग होतात. चाकांवरचं घरच म्हणा.

बसलात? आता ऐका.

ही गोष्ट खरी आहे. मी त्या बाकावर बसलो होतो. सांगताना माझा आवाज चढेल, तेवढं सांभाळून घ्या. इतकी वर्षं झाली, पण राग उतरत नाही.

वेळ दुपारी चारची. रात्र नव्हती, अंधार नव्हता.

मुलगा, सून, आठ वर्षांची नात आणि मी. नातीला घरात सगळे पणबाई म्हणतात, कारण तिचं प्रत्येक वाक्य ‘पण’ने सुरू होतं. ही गाडी चार दिवसांसाठी भाड्याने घेतली होती, आमची स्वतःची मालकाच्या आवारात ठेवून. मालकाने किल्ली देताना ‘काका, अगदी निश्चिंत जा’ असं तीनदा सांगितलं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी एका तळ्याकाठी थांबलो. वारा इतका बोचरा की सगळ्या खिडक्या गच्च लावून घेतल्या. जमीन उतरती होती. कढईतलं तेल एका बाजूला जायला लागलं, म्हणून मुलाने चाकाखाली वीट सरकवली. सुनेने सकाळीच डब्यात हरभरे भिजत घातले होते. ते रस्ताभर डचमळत फुगले. आणि मग कळलं, की कुकर घरीच राहिला.

सून नवऱ्याला म्हणाली, चार्जर तीन आणलेस, कुकर एक आणवला नाही. त्याने मोठं पातेलं काढून दिलं.

उघड्या पातेल्यात हरभरे शिजायचे म्हणजे तास-दीड तास. दुसऱ्या शेगडीवर बटाटे. दोन्ही आचा चालू. आत छान ऊब आली. मुलगा बाकावर आडवा झाला. माझंही डोकं जड झालं. मला वाटलं, प्रवासाचा शीण.

तेवढ्यात नात म्हणाली...

“पण आई, त्या आजी म्हणतात, वाढव.”

कुठल्या आजी?

ओट्याला धरून उभ्या आहेत त्या, म्हणाली. राखाडी स्वेटरवाल्या.

ओट्यापाशी फक्त सून होती.

सुनेला वाटलं, पोरीला भूक लागलीय, म्हणून नाटक करतेय. तिने हसून आच वाढवली.

थोडा वेळ नुसता रटरट आवाज.

मग पुन्हा... “पण आई, त्या अजून म्हणतात. वाढव, वाढव.”

सुनेने दोन्ही बटणं पूर्ण फिरवली. ज्योत निळी नव्हती. पिवळी झाली होती. पातेल्याच्या बुडाला काजळी धरली होती.

मी नातीवर खेकसलो. थापा पुरे, म्हणालो. ज्या माणसाने चाळीस वर्षं शाळेत ‘विचारा, बोला, घाबरू नका’ म्हणून घसा कोरडा केला, त्याने खरं बोलणाऱ्या पोरीचं तोंड बंद केलं. त्या दिवसाचा सगळ्यात पहिला राग मला माझाच येतो.

ती माझ्या शेजारी येऊन बसली.

मुलाचं घोरणं थांबलं. सून ओट्यावर डोकं टेकून उभी होती. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते कळेना...

मग कळलं. पणबाई पाच मिनिटांत एकदाही ‘पण’ म्हणाली नव्हती. ती माझ्या मांडीवर कलंडली होती.

आणि माझ्या अगदी कानाशी...

“अरे, वाढव म्हणते ना!”

म्हाताऱ्या बाईचा आवाज. थकलेला. चिडलेला. चारदा सांगूनही ज्याच्या डोक्यात शिरत नाही, अशा पोराशी बोलावं तसा.

तो शब्द मी त्या अर्थाने साठ वर्षांत ऐकला नव्हता. माझी आई कधी ‘विझव’ म्हणत नसे. तिला ते अशुभ वाटे. बांगडी फुटली तर ‘वाढवली’ म्हणायची. दिवा मालवायचा तर म्हणायची, वाढव.

ती बाई मघापासून गॅस बंद करा म्हणून सांगत होती. आणि आम्ही आच मोठी करत होतो.

पाय उचलेनात. रांगत गेलो. बटणं बंद केली, दाराला लाथ घातली, नातीला खाली ओढलं. वारा लागताच ती ओकली. मग मुलगा आणि सून कसेबसे बाहेर आले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोंडलेल्या जागेत गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो; हा वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही. अजून दहा मिनिटं गेली असती, तर तुम्ही चौघं उठला नसता.

शेगडीच्या वर छतात हवा जायची जाळी होती, ती मुलाने वर चढून पाहिली. आत स्पंज कोंबलेला. वर चिकटपट्टी. त्यावर रंग.

दुसऱ्याच दिवशी, आधी फोनवर कळवून, गाडी परत द्यायला गेलो, तर मालकाच्या आवारात दुसरं कुटुंब वाट बघत होतं. भाजीच्या पिशव्या, कडेवर तान्हं मूल. ‘गाडी एक नंबर आहे,’ असं तो त्यांना सांगत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जे तोंडाला आलं ते बोललो.

तो म्हणाला, पाणी गळायचं म्हणून बुजवलं, काका. खिडकी उघडायची ना. आजवर कुणाची तक्रार नाही.

तक्रार करायला कोणी उरलं होतं का, असं मी विचारणार होतो. पण नात मध्ये आली.

“पण मग त्या स्वेटरवाल्या आजींनी पण तक्रार नाही केली?”

मालकाचा चेहरा पांढरा पडला. तो तिच्याकडे बघेना. मला म्हणाला, “हिला कुणी सांगितलं?”

एवढंच. पुढे कितीही विचारलं तरी तोंड उघडलं नाही. त्या कुटुंबाने पिशव्या उचलल्या आणि ते निघून गेले.

ती बाई कोण होती, मला आजही माहीत नाही.

आम्ही भांडत असताना नात एकटीच गाडीत चढली होती. मी हाक मारणार, तोच ती दारात आली. पाठमोरी. उलट्या पावलांनी हळूहळू पायऱ्या उतरत होती. दोन्ही हात वर धरलेले, कुणालातरी आधार द्यावा तसे.

“जपून,” ती म्हणाली. “अजून एक पायरी आहे.”

मग आवारातून चालत आमच्या स्वतःच्या गाडीपाशी गेली. सावकाश, कुणाच्यातरी चालीने. मागचं दार उघडलं. थोडा वेळ धरून उभी राहिली.

आणि शेवटी स्वतः आत शिरून एका कडेला बसली... अंग चोरून, बाजूची जागा सोडून.