सरकणारी कुरकुर

दुपारच्या खेळाच्या त्या अर्धवट अंधारात शेवटच्या रांगेतील दोन क्रमांकाची खुर्ची कुरकुरली. खुर्ची-कारागिराने डोळे न उघडताच तिच्या पाठीवर हात ठेवला. परंतु तो हात लाकडावर न पडता एका मऊ, पावसाने किंचित ओलावलेल्या शालीवर पडला.

"माफ करा... मला वाटलं, खुर्चीच आहे."

"शुः—" शालीतून दमलेला आवाज आला. "पुढे लोक रडतायत."

लोक खरोखरच रडत होते. पडद्यावर तो बाहुलीपट चालू होता, ज्याची स्तुती साऱ्या वर्तमानपत्रांनी मुक्तकंठाने केली होती. कंदील घेऊन डोंगर पालथा घालणारी मातीची म्हातारी अखेरीस घरी परतून खुर्चीत बसते, तो हा प्रसंग होता.

कारागिराला चित्रपटगृहाने खुर्च्या दुरुस्त करण्यासाठी नेमले होते. रिकामी खुर्ची आपले दुखणे कधीही सांगत नाही. माणसाचा भार पडला की मगच ती बोलते. म्हणून तो रोज दुपारी त्याच शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या एक क्रमांकाच्या खुर्चीत डोळे मिटून बसे, कुरकुर ऐकून वहीत क्रमांक टिपे आणि खेळ संपल्यावर ती खुर्ची उचलून कारखान्यात नेई. गोंद सुकण्यास आठवडा लागे.

मात्र या आठवड्यात एक अद्भुत घडले होते. सोमवारी सात क्रमांक कुरकुरला. त्याने तो उचलला. मंगळवारी सहा, तदनंतर पाच, चार, तीन. कारखान्यात सांधे उघडून पाहावे, तर एकाही खुर्चीत दोष नाही! वीस वर्षांच्या अनुभवात एका खुर्चीचा आजार दुसरीला लागलेला त्याने पाहिला नव्हता.

दिवे लागले. दोन क्रमांकावर एक स्त्री बसली होती. तिच्या उजव्या मनगटाला पट्टी होती, मांडीवर एक लांब लिफाफा होता, आणि डोळ्यांत अनेक वर्षांची अपुरी झोप होती.

"रोज तुम्हीच कुरकुरता का?" त्याच्या तोंडून निघून गेले.

ती हसली. "मीच. त्या प्रसंगाला मला स्वस्थ बसवत नाही. पण तुम्ही काय चालवलंय? आज जिथे बसावं, ती खुर्ची उद्या गायब! मग काय करणार, शेजारच्या खुर्चीत सरकते."

कारागिराला ओशाळल्यासारखे झाले. पाच निरोगी खुर्च्यांवर त्याने उपचार केले होते.

दारावरचे काका झाडू घेऊन आत आले. "काय रे खुर्चीवाल्या, आज तपासणी अगदी जवळून चाललीय वाटतं?"

"काका, तुम्ही पुढच्या रांगा झाडा ना."

"झाडतो, झाडतो. आम्हाला काय, आम्ही बहिरे आहोत," असे म्हणून काका कान टवकारूनच पुढे गेले.

"आम्हीही बाहुल्यांना असंच हलवतो," ती म्हणाली. "अगदी थोडंसं. मग एक फोटो. पुन्हा थोडंसं, पुन्हा फोटो. सहा दिवसांत तुम्ही मला पाच खुर्च्या सरकवलंत, आणि मला कळलंही नाही."

"आम्ही म्हणजे?"

"या म्हातारीला मीच हलवत होते. चार वर्षं." तिने लिफाफ्यावरून बोट फिरवले. "दुसऱ्या भागाचं पत्र आहे. आणखी पाच वर्षं. आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. जो भेटतो तो कौतुक करतो, पण त्या कौतुकाने मला काही कळत नाही. तुम्ही सहा दिवस इथे आहात. खरं सांगा... कसा वाटला?"

'सुंदर' म्हणणे किती सोपे होते! तसे म्हटले असते, तर तिने त्याला इतरांच्या रांगेत बसवले असते. खरे सांगितले, तर ती कदाचित उठून जाईल आणि ही शाल पुन्हा कधी दिसणार नाही. परंतु त्या थकलेल्या डोळ्यांशी खोटे बोलण्याचे धैर्य त्याच्यात नव्हते.

"नाही आवडला," तो हळूच म्हणाला. "चार दिवस डोळे मिटून ऐकला. काल उघडे ठेवून पाहिला. म्हातारी एवढा डोंगर उतरून येते आणि बसते कशी? टपकन! दमलेलं माणूस असं बसत नाही हो. माझी आई कामावरून यायची... आधी हाताने खुर्ची चाचपायची. मग गुडघ्यावर हात ठेवायची. अर्धवट टेकायची, क्षणभर थांबायची... आणि मग सगळं अंग सोडून द्यायची. तुमच्या म्हातारीला दमणंच ठाऊक नाही."

ती उठली नाही. तिने मोबाईल काढला आणि त्याच्यासमोर धरला.

त्या लहानशा पडद्यावर तीच म्हातारी होती. तिने खुर्ची चाचपली. गुडघ्यावर हात ठेवला. अर्धवट टेकली, थांबली... आणि तिचे मातीचे खांदे असे खाली आले, की कारागिराचेही खांदे नकळत सैल पडले.

"अकरा सेकंद," ती म्हणाली. "सहा आठवडे लागले होते. दिग्दर्शक म्हणाले, लांबतंय. दोन सेकंदांत बसवा तिला. मी बसवली. तेव्हापासून वाटत होतं, वेडी मीच आहे."

"वेड्या नाही. दमलेल्या आहात."

तिने लिफाफा न उघडताच दुमडून शालीत सारला. "नाही म्हणून कळवते. आधी महिनाभर झोपेन. मग माझ्या म्हातारीला घेऊन काहीतरी छोटंसं करीन. अकरा सेकंदांचं का होईना. फक्त... मला तळहाताएवढी खुर्ची लागेल. कराल?"

"करीन की. कुरकुरणारी हवी, की मुकी?"

"कुरकुरणारी. कुणीतरी बसलंय, हे कळायला हवं."

बाहेर पावसाची भुरभुर पत्र्यावर वाजत होती. ती निघाली, आणि दाराशी वळली. "आता दोन नंबरही उचलणार असाल ना? मग उद्या मी बसू कुठे?"

"दोनला काही झालेलं नाही," तो म्हणाला. पुढचे शब्द काढताना त्याचे कान तापले. "खरं तर कुठल्याच खुर्चीला काही झालं नव्हतं. तुम्ही... तुम्ही आला नाहीत, तर मात्र मला इथे ऐकण्यासारखं काही उरणार नाही."

ती परतली. तिने हाताने खुर्ची चाचपली. गुडघ्यावर हात ठेवला, अर्धवट टेकली, त्याच्याकडे पाहून क्षणभर थांबली... आणि मग सारा शीण सोडून देऊन तिने त्याच्या खांद्यावर डोके टेकले.

दोन क्रमांक कुरकुरला. कारागिराने वही उघडली नाही.