खंडेनवमीचा अणू

डॉ. तासगावकर माझे गाइड. त्यांनी मला खोटारडी म्हटलं, तेही भर कॅन्टीनमध्ये, हातात पोह्यांची बशी धरून. माझा संताप अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगते. पण जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते आहे.

आमची प्रयोगशाळा वारज्यात, तळघरात. हायवेवरून ट्रक गेला की तिथल्या आरशांना लगेच कळतं, म्हणून आमचं टेबल हवेच्या उशांवर उभं असतं. टेबलावर हवा काढून घेतलेला पोलादी डबा आणि डब्यात केसाच्या जाडीएवढी काचेची कडी. लेसरचा प्रकाश तिच्यात गरगरत राहतो. कडीजवळ एक जरी अणू अडकला तरी प्रकाश मंदावतो आणि स्क्रीनवरची रेघ एक पायरी खाली येते. दुसरा आला की आणखी एक पायरी. अणू सेकंदभरही टिकत नाही, निसटतो. हे जमवण्यात माझी पीएचडीची सगळी वर्षं गेली.

खंडेनवमीला सरांनी नेहमीप्रमाणे यंत्राची पूजा केली. डब्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पुजलेलं यंत्र दसरा होईपर्यंत चालवायचं नाही, हा त्यांचा नियम. मी अणू सोडणारी भट्टी बंद केली. लेसर मात्र चालू ठेवला, कारण तो परत जुळवताना जीव मेटाकुटीला येतो.

सुट्टीनंतर येऊन पाहिलं तर रेघ एक पायरी खाली होती. संगणकाच्या नोंदीत ती सबंध सुट्टीभर तशीच दिसत होती. भट्टी गार होती, तरीही कडीजवळ एक अणू अडकला होता आणि तो जागचा हलला नव्हता.

सापळा उघडून अडकलेला अणू सोडून द्यायची एक कळ असते. मी ती दाबली. रेघ वर गेली. मी कळ सोडताच ती आपणहून परत खाली आली.

मी कॅन्टीनमध्ये जाऊन सरांना हे सांगितलं. "भट्टी बंद, मग अणू आला कुठून? सासवडहून?" सर म्हणाले. "आकडे आपण घरी बसून रंगवलेत, दीपमालाबाई."

"सर, तुम्ही स्वतः येऊन बघा ना."

"डबाच उघडतो. मग संचालकांना कळवतो. असल्या आकड्यांवर आमच्याकडे पीएचडी मिळत नाही."

टेबलाभोवती जाड काळा पडदा आहे. सर तडक तळघरात आले आणि पाना घेऊन पडद्याआत शिरले. मी बाहेर स्क्रीनसमोर बसले. इतकी वर्षं हा माणूस म्हणेल तेव्हा आले, म्हणेल ते केलं, आणि यांनी ती रेघ एकदा धड पाहिलीसुद्धा नव्हती.

"सर, बोल्ट सैल करू नका. हवा शिरली तर कडी जाईल."

"जाऊ दे. तुमचं नाटक तरी संपेल."

पाना टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"अहो, इथे..." सर म्हणाले. पुढे काहीच नाही.

रेघ आणखी एक पायरी खाली आली.

मी पडदा सारला. सगळे बोल्ट घट्ट होते. आत कोणी नव्हतं. पडद्यामागे भिंत आहे, दार नाही.

मी हाका मारल्या. मग परत स्क्रीनसमोर येऊन बसले.

पहिली पायरी शांत होती. दुसरी सारखी थरथरत होती, आतून कोणी दार ठोठावत असावं तशी.

माझं बोट सापळा उघडायच्या कळीवर होतं.

इतके स्वच्छ आकडे आम्हाला कधीच मिळाले नव्हते. मी बोट उचललं आणि रेकॉर्डिंग चालू केलं.