सात कुप्या

टिकलीला आत घेतील की नाही, ही धाकधूक दिगंबर सामकांना हॉटेलच्या फाटकापर्यंत होती. दिल्लीच्या एका शांत वसाहतीतल्या जुन्या कोठीचं हे चौदा खोल्यांचं हॉटेल खास कुत्र्यांसह प्रवास करणाऱ्यांसाठी केलेलं होतं. हिरवळीवर जानेवारीच्या उन्हात दोन रेशमी केसांची विलायती कुत्री पसरली होती. टिकली साधी गावठी. तांबूस अंग, कपाळावर पांढरा ठिपका, एक कान कायम पडलेला. पण काउंटरवरच्या मुलीनं आधी तिच्यापुढे पितळी वाडग्यात कोमट पाणी ठेवलं आणि मगच सामकांकडे वळून त्यांना एका जाळीदार पट्टीवर तळहात टेकवायला सांगितलं.

पाच-सहा सेकंद गेले. पडद्याकडे बघत मुलगी म्हणाली, "पुन्हा आलात, आनंद वाटला."

"मी पहिल्यांदाच येतोय."

"यंत्र तर सांगतंय, तुम्ही मागच्या ऑक्टोबरच्या आधीच्या ऑक्टोबरात सहा नंबरच्या खोलीत होतात."

"सहा नंबरमध्ये माझी मुलगी होती," सामक म्हणाले. "ती आता नाही. तुमच्याच पत्रावरून मी आलोय."

मुलीचा चेहरा उतरला. तिनं घाईघाईनं आत फोन लावला.

आतून आलेल्या बाईंचं नाव नेगी. वय पन्नाशीचं, मूळच्या गढवालच्या. हॉटेलात त्यांचं पद होतं 'गंधपाल'. सामकांना बसवून त्यांनी हिंदीत सगळं नीट समजावलं. माणसाच्या कातडीतून शेकडो प्रकारचे सूक्ष्म वायू सतत बाहेर पडत असतात. त्यांचं मिश्रण प्रत्येकाचं वेगळं, बोटांच्या ठशांसारखं. आपल्याला ते जाणवत नाही, कुत्र्याला मात्र मैलावरून कळतं. जाळीखालचं यंत्र ते मिश्रण मोजून त्याचा गंधठसा तयार करतं आणि त्यावरून दुसरं यंत्र तोच वास पुन्हा बनवून कुपीत भरतं. पाहुणे कामासाठी बाहेर गेले, की खोलीतल्या झरोक्यातून तो थोडा थोडा सोडायचा. मालक जवळपासच आहे असं कुत्र्याला वाटतं, ते रडत नाही.

"पण माझा ठसा इथे कसा?" सामकांनी विचारलं.

नेगीबाईंनी नोंद उघडली. "हा अंगावरून घेतलेला नाही, लोकरीवरून घेतलेला आहे. मॅडमकडे एक करडा मफलर होता."

तो मफलर शैलजानं, त्यांच्या बायकोनं, सामकांसाठी विणला होता. तिच्या आजारपणाच्या धावपळीत तो हरवला अशी त्यांची समजूत होती.

शैलजाला शेवटचे एकोणीस दिवस नागपूरच्या एका इस्पितळात श्वसनयंत्रावर ठेवलं होतं. डॉक्टरांनी दहाव्या दिवशीच हात टेकले होते. रेल्वेच्या सिग्नल खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या सामकांचा यंत्रांवर विश्वास होता. ते यंत्र काढू देत नव्हते. मुलगी ऋजुता हिमनद्यांच्या अभ्यासाचं काम सोडून डेहराडूनहून आली होती. सोळाव्या दिवशी, इस्पितळाच्या व्हरांड्यात, सगळे नातेवाईक आणि ओळखीचे उभे असताना ती म्हणाली, "बाबा, आईला सोडा आता. तुम्ही हे तिच्यासाठी करत नाही आहात, स्वतःसाठी करताय."

"तू पुन्हा माझ्यासमोर येऊ नकोस," सामक म्हणाले होते.

ती आली नाही. तीन वर्षं फोनही नाही. आणि मग एका सकाळी दिल्लीच्या इस्पितळातून फोन आला. ऋजुताच्या मेंदूतली गाठ काढण्यासाठी शस्त्रक्रिया झाली होती, त्यानंतर नवव्या दिवशी ती गेली होती. कुत्र्याला ठेवून घेणारं हॉटेल म्हणून ती आधीचे चार दिवस इथे उतरली होती. दिल्लीतच अंत्यसंस्कार उरकल्यावर हॉटेलचा ड्रायव्हर टिकलीला स्टेशनवर घेऊन आला. तिनं सामकांना कधी पाहिलं नव्हतं, तरी गर्दीतून ती थेट त्यांच्याकडे आली आणि तिनं त्यांच्या तळहातात नाक खुपसलं. कुत्री सगळ्यांनाच असं करतात, असं त्यांना वाटलं होतं.

नागपूरला टिकली राहिली, पण रमली नाही. दिवसचे दिवस दाराकडे तोंड करून बसायची. म्हणूनच हॉटेलचं पत्र आल्यावर सामकांनी लगेच तिकीट काढलं. पत्रात लिहिलं होतं, 'आपल्या कन्येच्या गंधठशाच्या सात कुप्या आमच्याकडे आहेत. जपण्याची पंधरा महिन्यांची मुदत संपत आहे. वारसानं स्वतः येऊन निर्णय कळवावा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता नेगीबाई सहा नंबरच्या खोलीत आल्या. पहिली कुपी त्यांनी झरोक्याच्या खाचेत बसवली.

टिकली खिडकीपाशी पडली होती. आधी तिचा उभा कान हलला. मग ती उठली आणि नाक वर करून थरथरत उभी राहिली. पंधरा महिन्यांत सामकांनी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. लहान पोराच्या हुंदक्यासारखा काहीतरी आवाज काढत ती पलंगावर चढली, उतरली, गोल गोल धावली. शेपटीच्या फटक्यानं तिपाईवरचा पेला पडला. सामकांच्या डोळ्यांना धार लागली. त्या क्षणी टिकलीसाठी ऋजुता खोलीत होती.

ते झरोक्यापाशी गेले. चष्मा काढून त्यांनी जाळीला अगदी नाक लावलं आणि खोल श्वास घेतला. कोमट हवा आली, बाकी काही नाही.

"आपल्याला नाही येत, सर," नेगीबाई हळूच म्हणाल्या.

"तरी एकदा बघतो," म्हणून त्यांनी पुन्हा श्वास घेतला.

दहा मिनिटांनी टिकलीनं शोधायला सुरुवात केली. पलंगाखाली पाहिलं. कपाटाची फट हुंगली. न्हाणीघराच्या बंद दारापाशी जाऊन बसली. नेगीबाईंनी दार उघडून दाखवलं. टिकली आत गेली, बाहेर आली आणि पुन्हा त्याच दारापाशी बसली. अकरा वाजता तिच्यासाठी मटणाचं सूप आलं, तिनं वाडग्याकडे बघितलंही नाही. बारा वाजता ती पंज्यांनी दार ओरबाडायला लागली.

"घरी न्यायला छोटं यंत्र मिळतं," नेगीबाई म्हणाल्या. "कुपीतला वास रोज थोडा सोडता येतो. शिवाय ठसा आहे तोवर कुप्या पुन्हा भरता येतात. कितीही वर्षं."

सामक टिकलीकडे बघत होते. ओरबाडून ओरबाडून तिच्या एका नखातून रक्त आलं होतं. दारावर बारीक लाल रेघ उमटली होती.

"बंद करा," ते म्हणाले.

"सर?"

"बंद करा ते. मी हे कुणासाठी करतोय?"

नेगीबाईंनी कुपी काढली आणि खिडक्या सताड उघडल्या. गार हवा आत आली. दुपारी दोनच्या सुमाराला टिकली दारापासून उठली, लंगडत आली आणि सामकांच्या पावलांवर हनुवटी ठेवून पडली. त्यांनी खाली बसून तिच्या नखाला चिंधी बांधली. मग वाडगं जवळ ओढलं. तिनं दोन-चार घोट सूप घेतलं.

नेगीबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. "मॅडमनीही हेच सांगितलं होतं. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"काय सांगितलं होतं?"

"इस्पितळात भरती व्हायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, तुमच्या सात कुप्या भरून ठेवल्यात, तुम्ही नसताना त्यांतला वास सोडत जाऊ ना? त्या नको म्हणाल्या. म्हणाल्या, ती मला शोधत बसेल, आणि मी कदाचित परत येणार नाही. मग त्यांनी बॅगेतून मफलर काढला. हा माझ्या बाबांचा आहे, म्हणाल्या. टिकलीला याची सवय लावा. पुढे ती त्यांच्याकडे जाईल."

सामकांनी आपला तळहात टिकलीच्या नाकापाशी धरला.

"आम्ही नऊ दिवस रोज लोकरीवरचा तो वास सोडला," नेगीबाई म्हणाल्या. "शेवटी शेवटी झरोका उघडला की टिकली शेपूट हलवायची. मफलर मॅडमबरोबर इस्पितळात गेला. त्यांनी तो मागून घेतला होता."

"परत आलेल्या सामानात तो नव्हता."

"त्यांच्या अंगावरच असेल, सर."

सामकांना पांढऱ्या कापडात गुंडाळलेला तो देह आठवला. त्यांनी फक्त चेहरा पाहिला होता.

चार वाजता त्यांनी कुप्या आणि ठसा नष्ट करण्याच्या कागदावर सही केली. टिकलीच्या गळ्यात पट्टा अडकवून ते निघाले, तशा नेगीबाई फाटकापर्यंत सोबत आल्या.

"टिकली किती वर्षांची, सर?"

"सहा संपली."

"म्हणजे अजून सात-आठ वर्षं जगेल. आणि तुम्ही?"

"एकाहत्तर." नेगीबाईंना काय म्हणायचं आहे ते त्यांना तेवढ्यात कळलं.

"मॅडमनी वेळेवर केलं," नेगीबाई म्हणाल्या. "तुम्हालाही करावं लागेल. यंत्र नसलं तरी चालतं. पुढे जो तिला सांभाळेल त्याचा एखादा वापरलेला कपडा पुरतो. रोज तिच्या अंथरुणात ठेवायचा."

टॅक्सीत टिकली त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. सामक एकेक चेहरा आठवू लागले. शैलजाची धाकटी बहीण. पुतण्या. सिग्नल खात्यातले जोशीबुवा. शेजारच्या बारसकरांची सून. सगळे त्या दिवशी व्हरांड्यात होते. ऋजुता बोलली तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या, आणि त्यानंतर सामक त्यांच्यापैकी कुणाच्याही घरी गेले नव्हते.

आता त्यांतल्या कुणाच्या दारात उभं राहून, वापरलेला एखादा रुमाल द्याल का, म्हणून विचारायचं?