पडद्याचं पाणी

अंकुशराव बायोस्कोपवाल्याचा कुठल्याच चमत्कारावर विश्वास नव्हता, कारण बाजारात चालणारे निम्मे चमत्कार त्यानं स्वतःच तयार केलेले होते. खेळाआधी तो तंबूच्या तोंडाशी बाजेवर उभा राहायचा आणि पत्र्याच्या कर्ण्यातून बातम्या ओरडायचा. उदगीरला म्हशीला माणसाच्या तोंडाचं रेडकू झालं. विलायतेत एका साहेबानं मेलेल्या बेडकाला तारा जोडून नाचवला. रायचुराकडं आभाळातून मासळी पडली, तीही मीठ लावलेली. ही मासळी त्यानं औरादच्या बाजारात पाडली होती. पुढं गुलबर्ग्याच्या स्टेशनावर एका शास्त्रीबुवांनी तीच बातमी त्याला शपथेवर सांगितली. अंकुशरावानं हात जोडून ऐकून घेतली. माल आपलाच, पण चार हात फिरून आला की त्याची अब्रू वाढते, हे तो जाणून होता.

फसली तेराशे अडतीसचा, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एकोणतीसचा उन्हाळा. निजामाच्या मोगलाईतली गावं जत्रांमागून जत्रा करत होती आणि अंकुशरावाचा तंबू मन्नाएखेळ्ळीच्या शिवारात, सडकेच्या अंगाला उभा होता. चित्र एकच, पण जोरदार: राक्षसाची गुहा, तिच्यात कोंडलेली राजकन्या, तलवार घेऊन आलेला राजपुत्र. राक्षसाची शिंगं डब्याच्या पत्र्याची होती आणि राजकन्या नीट दाढी न केलेला पुरुष होता. लोक तरीही रडायचे.

तंबूच्या मधोमध मांजरपाट कापडाचा पडदा. पुढं पुरुष, मागं बायका. पडदा पाण्यानं भिजवला की चित्र आरपार उतरायचं आणि दोन्ही बाजूंनी दिसायचं. मुक्या चित्राला तोंड हवं, म्हणून पुढच्यांना अंकुशराव गोष्ट सांगायचा आणि मागच्यांना त्याची बायको वच्छलाबाई. मागून अर्थातच सगळं उलटं. पुढं अंकुशराव गरजायचा, "देखो भाई, राजपुत्रानं उजव्या हातानं तलवार उपसली!" आणि कापडापलीकडून वच्छलाबाईचा ठणठणीत आवाज यायचा, "बघा गं अक्का, डाव्या हातानं उपसली!"

मग गावभर भांडणं. नवरा म्हणे उजवा, बायको म्हणे डावा. सकाळी दोघं तंबूशी हजर, निवाडा करा म्हणून.

"अगं, उजवा म्हणायला तुझं काय जातं?" अंकुशराव कातावायचा.

"मला दिसतं ते सांगते. तुमच्यावाणी मनचं सांगत न्हाई."

"तुला उलटं दिसतं, बाई!"

"मंग तुम्ही या मागं. सुलटं बसवा मला."

मग तो मशीनवाल्या पिराजीवर खेकसायचा. वच्छलाबाई हसायची. हसताना तोंडावर हात धरायची आणि तिच्या उजव्या मनगटावरचा डाग दिसायचा. गॅसच्या दिव्याचा तापलेला पत्रा पडता पडता तिनं झेलला होता, तेव्हाचा. तंबू वाचला, कातडं गेलं. अंकुशराव कुणाला कधी बोलला नाही, पण तो डाग दिसला की त्याचं तोंड आपोआप बंद व्हायचं.

त्या उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या होत्या. कापडाला पाजायला पाणी कोण देणार? गावाबाहेर एक बारव होती, पायऱ्यापायऱ्यांची, आणि तिच्यात पाणी काळंभोर भरलेलं. वर एक घागर दिसत नव्हती.

"मालक, तिथलं नगा घेऊ," पिराजी म्हणाला. तो त्याच भागातल्या धनगराचा पोरगा, आता मिशा पिकायला आलेला.

"कामून?"

"न्हाई घेत."

"खारं हाय?"

"न्हाई. गोड हाय."

"मग?"

"न्हाई घेत, मालक."

असल्या कारणांनी अंकुशरावाचं डोकं फिरायचं. पिराजीला बसवून तो स्वतःच बैलगाडी घेऊन गेला. भर दुपारी बारवेच्या वरच्या पायरीवर नागूबाई नावाची म्हातारी शेळी धरून बसली होती. पिराजीनं पहिली घागर वर आणली तशी ती म्हणाली, "पाणी कुणाला?"

"जित्राबाला, अज्जी," पिराजी घाईनं म्हणाला, जसं काही पाणी गुराढोरांनाच न्यायचं होतं.

म्हातारीनं मान हलवली. दुसरी घागर आली. "पाणी कुणाला?"

"जित्राबाला."

"ए म्हातारे, तुला दिसायलंय की! कुठलं जित्राब?" अंकुशराव म्हणाला. "पडद्याला पाणी न्यायलोय."

"काय बी असू दे, अप्पा. इथं विचारायचं, आन जित्राबाला म्हणायचं. माणसाचं नाव घ्यायचं न्हाई."

"कोण ऐकतंय इथं नाव?"

म्हातारी शेळीच्या कानातली गोचीड काढण्यात गुंतली. तिसरी घागर. पुन्हा तेच, त्याच सुरात, "पाणी कुणाला?" ऊन टाळूत उतरत होतं, बैल खोळंबले होते, आणि ही बाई घागरीघागरीला जबानी घेत होती. अंकुशरावानं दोन्ही हात तोंडाशी धरून, कर्ण्यात ओरडावं तसा, बारवेत तोंड घालून आवाज दिला, "वच्छलाबाईला! वच्छला अंकुशराव, बायोस्कोपवाली! सडकेच्या अंगाचा तंबू, पडद्याच्या मागं!"

पत्ता इतका पुरा झाला की तो स्वतःच हसला. पिराजी हसला नाही. नागूबाईनं शेळीची दोरी मनगटाला गुंडाळली आणि उठून गेली. त्यानंतर कुणी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी खेळ सुटल्यावर बायका वच्छलाबाईभोवती घोळका करून उभ्या. त्यातली महादेवी नावाची तेलीण पुढं होऊन म्हणाली, "अक्का, गुहेतली ती घागरवाली कोण? तिचं काय झालं, ते तुम्ही सांगितलंच न्हाई की."

"कुठली घागरवाली?" अंकुशराव पुढच्या बाजूनं आला. "गुहेत राक्षस हाय आन राजकन्या हाय."

"आन ती मागं उभी हाय ती?"

पुरुषांना विचारलं, तर पुरुष म्हणाले, नाही बुवा. मग पुन्हा भांडण. डाव्याउजव्याचं होतं, त्यात आता हे. सकाळी अंकुशरावानं फीत उलगडून उन्हाला धरली आणि गुहेची चित्रं एकेक करून तपासली. बाई नव्हती. पाण्यात गाळ असेल, डाग पडला असेल, म्हणून पडदा राखेनं धुतला. डाग नव्हता.

पण तो होता व्यापारी. दोन दिवस वैतागला आणि तिसऱ्या दिवशी कर्ण्यातून ओरडू लागला, "मर्दांना दिसत नाही, औरतांना दिसते! गुहेतली घागरवाली!" आजवर लोकांना खोटी बातमी विकली, ही निदान कुणीतरी पाहिलेली होती. भोवतालच्या वाड्यावस्त्यांवरून बायका गाड्या जुंपून आल्या. मागची बाजू भरली, पुढची ओस. पुरुष म्हणू लागले, आम्हालाही मागं बसवा. वच्छलाबाईची गोष्ट मात्र रोज आखूड होत चालली.

"ती पुढं यायलीय," एक दिवस भाकरी थापताना ती म्हणाली.

"कोण?"

"काल राक्षसाच्या मागं हुती. आज त्याच्या पुढं. राक्षस तिच्याआडून दिसतो."

"चेहरा?"

"घागर हाय डोईवर. पाणी गळतंय तोंडावरनं. दिसत न्हाई." मग म्हणाली, "अवं, तिथलं पाणी बंद करा. ती बायकांकडं बघत न्हाई. मी बसते तिथंच बघते. परवा मी दुसऱ्या कोपऱ्यात बसले, तर तिकडं."

"अगं, भिंतीवरच्या चित्राचे डोळेसुद्धा फिरल्यावाणी वाटतात. त्याला शास्त्र हाय."

"शास्त्राला घाला चुलीत. मी न्हाई बसणार."

"जत्रेचे दोन दिवस राहिलेत. दोन दिवस बस. मग भालकीला नवा पडदा, विहिरीचं पाणी, म्हणशील ते."

तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि फुगल्यावर उतरवली. मग म्हणाली, "ती माझं नाव घेती. पुरं. तुमच्या नावासकट."

तेव्हा त्याला बारव आठवली. आठवली, आणि त्यानं ती बाजूला सारली. पिराजीला तेवढं सांगितलं, उद्यापासून पाणी चार कोसावरून आण, भाड्याची गाडी लागली तर लागू दे. पिराजी म्हणाला, "आता काय उपेग, मालक," आणि बैल सोडायला गेला.

चार कोसांवरचं पाणी आलं. पडदा त्यानंच भिजला. जत्रेची शेवटची संध्याकाळ होती.

गुहेचा भाग आला. अंकुशराव पुढं उभा राहून बोलत होता, अर्धं लक्ष पलीकडं. वच्छलाबाईचा आवाज येत होता, "राजपुत्र आत गेला गं बायांनो, आत अंधार, आन…"

आवाज थांबला.

मशीनची खडखड तेवढी ऐकू येत होती. मागं एवढा बायकांचा मेळावा, पण मूल रडत नव्हतं, काकण वाजत नव्हतं.

पडदा मधोमध फुगला. वारा नव्हता. आतून कुणीतरी अंगानं रेटावा तसा पुढं आला, पुरुषांच्या अंगावर थेंब उडाले, आणि तो परत सपाट झाला.

"अगं, बोल की!" अंकुशराव ओरडला.

काही नाही.

"वच्छला!"

"व्हय," पलीकडून आवाज आला. ठणठणीत. "राजपुत्रानं तलवार उपसली गं. उजव्या हातानं."

अंकुशरावाच्या जिवात जीव आला. तोही म्हणाला, "उजव्या हातानं!" आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तंबूच्या दोन्ही बाजूंना एकच गोष्ट चालली.

खेळ सुटला. घागरवाली आज दिसली नाही, असं बायका म्हणाल्या. त्यातल्या काही हिरमुसल्या होत्या. महादेवी तेलीण वच्छलाबाईशी न बोलता, तिच्याकडं वळून वळून बघत निघून गेली.

भालकीत सगळं सुरळीत सुरू झालं. वच्छलाबाईनं मागितला म्हणून नवा पडदा आणला; जुना घडी करून गाडीच्या तळाशी टाकला. भांडणं संपली. पुढं उजवा, मागंही उजवा. एवढी वर्षं जे मिळावं म्हणून घसा सुकवला ते असं फुकटात मिळालं, तर माणसानं खूश व्हावं. अंकुशराव खूश होता. फक्त खेळ सुटल्यावर भालकीच्या बायका हसत बाहेर यायच्या, आणि एक दिवस त्यातली एक पदर सावरत म्हणाली, "दादा, तुमची मंडळी ग्वाड बोलती. पण तिला डावा कंचा, उजवा कंचा, कळत न्हाई बघा. तो बिचारा डाव्या हातानं तलवार धरतोय, आन ही खुशाल उजवा म्हणती!"

तो हसला. हसून झाल्यावर पडद्याकडं बघत उभा राहिला. मागून चित्र उलटं दिसतं. मागं बसणाऱ्याला तो हात डावाच दिसायला हवा.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला तिनं भाकरी वाढली. डाव्या हातानं.

"अगं, डाव्या हातानं वाढायलीस?"

"कुठं?" ती हात बघून म्हणाली. "हा उजवाच की." आणि तोंडावर हात धरून हसली.

डाग होता. तोच, तेवढाच, कडेला आवळलेल्या कातड्यासकट. डाव्या मनगटावर.

अंकुशरावानं भाकरीचा तुकडा मोडला आणि चावत राहिला. बाहेर पिराजी बैलांशी बोलत होता. तो आता तंबूत जेवायला येत नसे.

"ऐकलं का," ती म्हणाली, "तो जुना पडदा उगं वझं. जाळून टाका की."

"हं."

"आजच जाळा. मी काडीपेटी देते."

काडीपेटी तिनं आधीच कनवटीला लावलेली होती.

तो पडदा घेऊन एकटाच तंबूमागच्या पडीक रानात गेला. दुपारचं ऊन असं की पाय टेकवत नव्हता. बाभळीच्या काट्यांवर त्यानं कापड पसरलं. इतके दिवस गाडीत कोंडून होतं, तरी कोरडं ठणठणीत होतं. हाताला करकरत होतं. काडी ओढली. ओढून ती हातात तशीच धरली, बोटाला चटका बसेपर्यंत.

कापडाच्या मधोमध, वच्छलाबाई बसायची त्या उंचीवर, हाताच्या पंजाएवढी जागा ओली होती.

त्यानं ती उन्हाकडं केली. वाट पाहिली. शेजारचं कापड तापून पापडासारखं झालं. ती जागा ओलीच. पाचही बोटं वेगळी दिसत होती, आणि पंजाखाली, मनगट असतं तिथं, कातडं आवळल्यासारखी एक कोरडी चकती होती. ती तेवढी सुकलेली होती.

त्यानं आपला पंजा त्यावर ठेवला. पलीकडून कुणीतरी, अगदी हळू, हात टेकवला.

"जाळला का?" तंबूतून हाक आली.

"व्हय," अंकुशराव म्हणाला, आणि पडद्याची घडी करू लागला.