म्हातारबाचे पाय

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

हेडली स्टिकलंड हा माझ्या आईचा मामा. इंग्लंडातल्या डॉर्सेट परगण्यातल्या आमच्याच गावचा. ही गोष्ट १९७६च्या ऑगस्टमधली, त्या भयंकर कोरड्या उन्हाळ्यातली.

गावामागच्या उतारावर म्हातारबा आहे. गवत खरवडून खालच्या पांढऱ्या खडूच्या खडकात कोरलेला दोनशे फुटी माणूस. किती जुना, कुणालाच ठाऊक नाही. दर सात वर्षांनी गाव गुडघे टेकून त्याच्या रेषा साफ करतं, नवा खडू ठोकून भरतं. देखरेख पिढ्यान्‌पिढ्या मामाच्या घराण्याची.

नियम एकच. घोट्याखाली हात लावायचा नाही.

म्हातारबाला पाय नव्हतेच.

त्या वर्षी सगळं गवत करपलं... आणि घोट्यांखाली दोन हिरवी पावलं तेवढी उरली.

मामाची मुलगी रोवीना संग्रहालयात कामाला होती. तिच्या लग्नाला मामा हट्टाने गेला नव्हता. चार वर्षं अबोला. पावलांची बातमी ऐकून ती आली आणि लोखंडी सळई खुपसून पाहू लागली.

"बाबा, पाय होते त्याला. कुणीतरी मुद्दाम बुजवलेत. काळी माती, वर गारगोट्या ठासून."

"बुजवलेत तर काही कारण असेल ना?"

"तेच शोधायचंय. तळाशी कोळशाचा तुकडा जरी मिळाला, तरी त्यावरून म्हातारबाचं वय कळेल. पण तुम्ही सोबत असाल तरच."

मामा विरघळला. नाही म्हटलं तर लेक पुन्हा जाईल, एवढीच त्याला धास्ती.

दोघांनी खणायला घेतलं. गुत्त्यात थट्टेला ऊत आला.

"हेडली, आता त्याला बूट शिव! गावातल्या सगळ्या गाई लागतील चामड्याला!"

म्हातारा मेंढपाळ जोब लेग तेवढा हसला नाही.

"तुझा बाप असता तर फावडं तुझ्याच टाळक्यात घातलं असतं," म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी त्याने मेंढ्या दुसऱ्या डोंगरावर नेल्या.

कोळसा काही मिळाला नाही. रविवारी त्यांनी पायांत खडू ठोकून भरला.

सोमवारी सकाळी धुकं उतरलं. एवढ्या कोरड्यात धुकं आलं कुठून?

रोवीना कॅमेरा घेऊन पुढे गेली होती. आठ वाजता मामा चहाचा थर्मास घेऊन चढला.

एक पाखरू बोलत नव्हतं.

पायांची जागा आली. पाय नव्हते. तो वर सरकला...

गवत.

त्याने हातांनी चाचपलं. गुडघा नाही. कंबर नाही. चाळीस वर्षं जिथे गुडघे टेकले, तिथे नुसतं गवत!

मग वरून जड पावलांचा आवाज आला...

थप्.

थप्.

"रोवीना!"

धुक्यात तिचं हसणं ऐकू आलं. ती कुणाशी तरी बोलत होती, हळू, लाडात. मग तेही थांबलं.

मामा वेड्यासारखा धावला, पडला, पुन्हा उठला. तासाभराने धुकं विरलं तेव्हा म्हातारबा जागच्या जागी होता, पुरा.

शेजारी रोवीना बसली होती. डोळे रडून लाल, तोंडावर हसू.

उजवा हात मनगटापर्यंत खडूने पांढरा.

तिने मामाला मिठीच मारली. "बाबा, माफी मागितलीत एकदाची! चार वर्षं याचीच वाट बघत होते. लग्नाचं मी कधीच माफ केलं. पण हात किती गार होता हो तुमचा!"

मामा तर त्या एका हाकेपलीकडे एक अक्षर बोलला नव्हता.

त्याने सांगायला तोंड उघडलं. पण ती इतकी सुखात होती की त्याच्याने सांगवेना. दुपारी त्याने आणि जोबने पाय पुन्हा बुजवले.

लेक परत मिळाली. दर रविवारी तिचा फोन यायचा. आणि दर वेळी तो उचलायला मामा कचरायचा, कारण ती माफी त्याने मागितलेली नव्हतीच. मरायच्या आधी त्याने हे फक्त माझ्या आईला सांगितलं.

एकदा त्याने सहज म्हणून रोवीनाला विचारलं होतं, "त्या दिवशी मी काय काय बोललो गं?"

"विसरलात? माझा पत्ता विचारलात. रस्ता दोनदा समजावून घेतलात. म्हणालात, उशीर होईल, पण येईन."

मामा कधीच तिच्या घरी गेला नाही. तो वारला त्यालाही तीस वर्षं झाली.

रोवीनामावशी नवऱ्याच्या माघारी अजून त्याच घरात एकटी राहते. तिला हे सांगायची माझी हिंमत नाही, आणि तिच्याकडे मुक्कामाला जायचीही नाही.