अर्धा खांब

लॅपटॉप मिटा आधी. त्या उजेडात ही गोष्ट सांगवत नाही मला. आणि मधे कोणी खिदळलं तर मी उठून जाईन.

आमच्या ऑफिसात एक मास्तर होते. इमारतींचे नकाशे ट्रेसिंग कागदावर शाईने काढायचे. नाकावर राग, पण हात असा की रेघ कुठे सुरू झाली ते कळायचं नाही. शाईची रेघ चुकली की ब्लेडने खरवडावी लागते. मास्तर म्हणायचे, "चूक ज्याची, खरवडणं त्याचं. दुसऱ्याच्या रेघेला ब्लेड लावलंस तर हात मोडीन."

पुढे कॉम्प्युटर आले. नकाशे काढायचे बोर्ड मागच्या खोलीत गेले आणि त्यांच्यामागोमाग मास्तरही. त्यांच्याच हाताखाली तयार झालेला एक पोरगा त्यांचे नकाशे कॉम्प्युटरवर उतरवू लागला. एका हॉलचा मालक त्याला म्हणाला, "मधला खांब नडतोय, बघा काही जमतं का." पोराने कोणाला विचारलं नाही. एक बटण दाबलं, खांब गेला. ना डाग, ना ओरखडा.

मास्तरांना कळलं तेव्हा स्लॅबखालचे टेकू निघत होते. म्हातारा ओरडत आत धावला. मजूर बाहेर पळाले, मास्तर कोसळलेल्या स्लॅबखाली राहिले. डोकं... जाऊ दे. उजव्या हातावरून ओळख पटली त्यांची.

चौकशी लागली. मूळ ट्रेसिंगवर सही मास्तरांची होती. तिथलाही खांब खरवडला, की चूक मेलेल्या माणसाची आणि पोरगा सुटला. नाहीतर तुरुंग. घरी दोन महिन्यांची लेक होती हो त्याची. पण म्हणून असं करायचं? आजही आठवलं की माझं टाळकं सरकतं.

चौकशीच्या आदल्या रात्री, मंगळवारी, बारा वाजून गेल्यावर तो मागच्या खोलीत शिरला. मास्तरांच्याच बोर्डवर ट्रेसिंग पसरलं. डाव्या हाताने दाबून धरलं. खांब म्हणजे एवढासा चौकोन, आत तिरक्या रेघा. ब्लेड लावलं.

खर्र... खर्र...

अर्धा चौकोन गेला.

कागदावर धूळ पडली. त्याने फुंकली. पुन्हा पडली. सिमेंटची होती.

वर पाहिलं. काही नाही.

बोर्डवरचा ड्राफ्टर, ते रेघा आखायचं लोखंडी हत्यार, हळूच सरकला. बोर्ड उतरता आहे, त्याला वाटलं. मग ड्राफ्टर आपोआप उचलला गेला. आणि आदळला. डाव्या मनगटावर. काडकन्.

तो किंचाळला. हात निघेना. पुन्हा आदळला. हाड बाहेर आलं.

"मास्तर... चुकलो..."



उजव्या हातावर कोणाची तरी मूठ बसली. थंडगार. ब्लेड वळलं. कागदावरून... दंडाकडे.

खर्र...

सकाळी दार मी उघडलं. भिंतीपर्यंत रक्त होतं. तो बोर्डखाली पडला होता, डाव्या दंडाची कातडी सोललेली. श्वास तेवढा चालू होता.

चौकशी हॉस्पिटलातच झाली. त्याने सगळं कबूल केलं. चौकशीच्या साहेबांनी ट्रेसिंग पलंगावर ठेवलं, त्याने पट्टी सोडली आणि दंड कागदाला लावला. खांबाचा अर्धा भाग कागदावर. उरलेला मांसावर, काळ्या शाईत. रेघेला रेघ जुळली. साहेब उठून बाहेर गेले.

शिक्षा भोगून आला तो. ती लेक म्हणजे तुमची ताई.

हो... तुमचाच मामा. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट का घालतो, विचारत होतात ना? त्याला विचारू नका. मामीला विचारा. इतकी वर्षं झाली, त्याच्या शर्टाची डावी बाही धुतली की पाणी अजून काळं होतं.